मोठ्या गाडीतला माणूस

गव्हाण फाट्यावरून उरणच्या दिशेने जाताना एकामागे एक उभे राहिलेले कंटेनरचे ट्रेलर तुम्ही पाहिले असतील. न्हावा-शेव्याचं बंदर 1989 साली सुरू झालं आणि त्याच्या मागोमाग आसपास मालाची यार्डं वसली. कळंबोलीच्या लोखंड बाजारात सळया आणि पत्र्याची अवजड गुंडाळी येतात. उलव्याची टेकडी कापून विमानतळासाठी जमीन केली, तेव्हा ती दगडमाती डंपरांनीच वाहिली. नवी मुंबईचा संसार असा जड गाड्यांच्या चाकांवर चालतो. अपघात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हमरस्ता येतो; पण यार्ड, दगडखाण, भरावाची जागा इथेही गाड्या एकमेकींवर आदळतात. अशा अपघातात एक माणूस नेहमी आपल्या नजरेतून सुटतो. तो म्हणजे मोठ्या गाडीचा चालक.

हे मला कळलं ते अगदी योगायोगाने. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील फी भरायला मुदत मागायला आले होते. खुर्चीवर बसतानाच त्यांनी बरगडी हाताने दाबून धरली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सर, यार्डात जीप आडवी आली. तिला वाचवायला गाडी डावीकडे ओढली, ती उभ्या कंटेनरच्या कोपऱ्यावर गेली." जीपला ट्रेलरचा निसटता धक्का लागला, तिचा मडगार्ड चेपला, आतले दोघे सुखरूप होते. यांच्या मात्र तीन बरगड्या मोडल्या. तिथल्या वहीत नोंद झाली ती अशी : ट्रेलरची जीपला धडक, कोणी जखमी नाही. बरगड्यांचा त्यात उल्लेखच नव्हता! "मोठ्या गाडीवाल्याला काय होतंय, असंच सगळ्यांना वाटतं, सर," असं म्हणून ते हसले. आणि हसतानाही त्यांना दुखलं.

आता लोकांना असं वाटतं, त्यात तथ्य मुळीच नाही असंही नव्हे. साधा हिशेब करून पाहा. चाळीस टनांचा भरलेला ट्रेलर ताशी 20 किलोमीटर वेगाने एक टनाच्या उभ्या गाडीवर आदळला आणि दोन्ही गाड्या एकत्र पुढे सरकल्या, तर ट्रेलरचा वेग जेमतेम अर्धा किलोमीटरने कमी होतो. लहान गाडीला मात्र एका क्षणात जवळजवळ साडेएकोणीसचा हिसका बसतो. म्हणून अशा धडकेत मरण येतं ते बहुधा लहान गाडीतल्यांना, आणि त्यांची काळजी आधी घेतली पाहिजे, याबद्दल वाद नाही.

पण हा हिशेब दोन गाड्यांपुरता आहे. चालक जखमी होतो तो लहान गाडीमुळे नव्हे, तर ती टाळताना पुढे जे घडतं त्यामुळे. चाक एकदम फिरवलं की उंच कंटेनर कलंडतो आणि ट्रेलरला सोबत घेऊन जातो. कंटेनरचे कोपरे ज्या कड्यांनी गाडीला जखडतात, त्या नीट लावलेल्या नसल्या तर तो सुटून पडतो. कचकन ब्रेक दाबला तर सैल बांधलेल्या सळया केबिनवर चालून येतात. भरावाची कड मऊ असली तर डंपर खाली घसरतो. शिवाय आजच्या बहुतेक ट्रकांना जुन्यासारखं लांब नाक नसतं. चालकाच्या गुडघ्यांपुढे पत्रा आणि काच, एवढंच काय ते संरक्षण. गाडी एखाद्या घट्ट वस्तूवर गेली की पाय अडकतात आणि छाती स्टिअरिंगवर आपटते. पट्टा बांधलेला नसला तर माणूस बाहेर फेकला जातो आणि स्वतःच्याच गाडीखाली सापडतो. "यार्डात कसला आलाय पट्टा!" असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की गाडी उलटायला मोठा वेग लागत नाही.

यावर उपाय नाहीत असं नाही. चंद्रपूरकडच्या उघड्या कोळसा खाणींत प्रचंड डंपर चालतात. त्यांच्या उंच केबिनमधून चाकाजवळ आलेली जीप दिसत नाही. म्हणून खाणीत फिरणाऱ्या जीपला उंच काठीवर झेंडा लावण्याची पद्धत आहे. किती साधी गोष्ट! आपल्या यार्डांतही लहान गाड्यांना वेगळी वाट आखता येईल, कंटेनरांच्या थप्पीच्या वळणावर आरसे बसवता येतील, आणि मोठ्या गाडीच्या पुढून जाण्याआधी चालकाची नजर आपल्याकडे आहे ना, हे पाहण्याची सवय लावून घेता येईल.

आणखी एक गोष्ट. अपघातानंतर चालक आपल्या पायांनी खाली उतरला म्हणजे तो धड आहे असं समजू नका. पोटातला रक्तस्राव कधी कधी काही तासांनी जाणवतो. त्याला डॉक्टरांकडे न्या, आणि त्याची दुखापत कागदावर लिहा. कामावर झालेल्या इजेची भरपाई मागण्याचा हक्क 1923 सालच्या कायद्याने कामगाराला दिला आणि पुढच्या कायद्यांनीही तो राखला. पण हक्क मागायला पुरावा लागतो, आणि वहीत 'कोणी जखमी नाही' असं लिहिलं की तो पुरावा तिथेच दुबळा होतो.

चूक कोणाची, हे चौकशीत ठरेल. मोठ्या गाडीचीही असू शकेल. पण जखम कोणाला झाली, हे ठरवायला चौकशी लागत नाही. नुसतं केबिनमध्ये डोकावून पाहावं लागतं. त्या मुलाच्या वडिलांना मी फीची मुदत मिळवून दिली. त्यांच्या बरगड्यांची नोंद मात्र माझ्या हातात नव्हती. ती ज्यांच्या हातात असते, त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर पुढच्या वेळी वहीत एक ओळ अधिक लिहावी, एवढीच विनंती.