दोन डोंगर, दोन गाठोडी

आपले नरडाणे मुंबई–आग्रा महामार्गावर आहे, म्हणून डोंगराला पायी निघालेली माणसे दरसाल आपल्या दारावरून जातात. चैत्रात शिरपूरकडून येणारे जथे धुळे, मालेगाव ओलांडून सप्तशृंगगडाच्या पायथ्याला, नांदुरीला पोचतात. इथून ती चाल दीडशे किलोमीटरांच्या आसपास. रोज तीस किलोमीटर कापले तरी पाच दिवसांची. दुसरी वाट दिवाळीतली. नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यात, सातपुड्यातल्या अस्तंभा शिखरावर, अश्वत्थाम्याच्या यात्रेला ती जाते. शिखर १,३२५ मीटर उंच, आणि चढाई पुष्कळशी रात्रीची. या दोन्ही वाटांसाठी आपण बहुतेक एकच गाठोडे बांधतो, आणि बांधताना घरात काय आहे ते पाहतो. माझे म्हणणे असे की, वाटेवर काय मिळणार नाही, त्यावरून ओझे ठरवावे.

गडाची वाट घ्या. या वाटेवर गावोगाव मंडप असतात; पाणी, चहा, जेवण लोक हात धरून देतात. तिथे तांदूळ आणि स्टोव्ह पाठीवर नेणे म्हणजे वाटेने देऊ केलेलेच ओझे करून वाहणे. या वाटेवर सावली मात्र मिळत नाही. चैत्र-वैशाखात धुळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारचे डांबर हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी सहज जास्त तापते. म्हणून शहाणा माणूस पहाटे आणि सांजेनंतर चालतो. पण उन्हातून सुटला की तो अंधारात ट्रकांच्या शेजारी येतो. बॅटरी आणि पाठीवर चमकणारी पट्टी या दोन हलक्या वस्तू मी पाण्याच्या बाटलीइतक्याच महत्त्वाच्या मानतो. घोळक्यात निदान पहिल्या आणि शेवटच्या माणसाकडे तरी त्या असाव्यातच. डोक्याला भिजवलेले सुती उपरणे. पायांत वापरून मऊ झालेले हलके बूट, कारण पायातले एक किलो वजन पाठीवरच्या साधारण पाच किलोंइतकी शक्ती खाते, असे मोजमापांत दिसले आहे. फोड येतो तो ओल आणि घर्षणाने. म्हणून मोज्यांचा कोरडा जोड हाताशी हवा. अनवाणी चालण्याचा नवस असेल तर त्याचा मान राखूनच सांगतो: त्या माणसाने डांबरावरची दुपार टाळावी आणि जंतुनाशक मलम, स्वच्छ पट्टी जवळ ठेवावी. नवस चालण्याचा आहे, पाय जाळून घेण्याचा नाही.

अस्तंभ्याला हा हिशेब उलटतो. उंची हजार मीटरने वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, आणि तळोद्याच्या सपाटीपासून शिखर हजार मीटरांहून वर आहे. त्यात वारा. चढताना अंगातला सदरा घामाने भिजतो. थांबल्यावर तोच ओला सदरा अंगाची ऊब ओढून नेतो. आपल्या मातीतले सूत चैत्रात जे सुख देते, तेच इथे बाधते, आणि दोन्हीकडे कारण एकच: ओल वाळताना गारवा होतो. म्हणून लोकरीचा स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा राखावा, चढताना घालू नये, थांबल्यावर घालावा. वरच्या चढावर पाण्याची खात्री धरू नये. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो. ते घ्यायचेच, तर बाकी सगळ्या सामानाने आखडते घेतले पाहिजे.

शिधोरीच्या बाबतीत आपल्या बायकांनी हा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. पाण्यात मळलेली भाकरी दुसऱ्या दिवशी वाळून कडक होते. दुधात मळलेली दशमी मऊ राहते, थंडच खाता येते, चूल मागत नाही. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि गूळ. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. इतक्या कमी वजनात इतकी ताकद देणारे खाणे बाजारातल्या रंगीत पुड्यांत शोधूनही फारसे सापडत नाही. या शिधोरीत एकच भर घालावी. घामावाटे मीठही जाते, आणि नुसते पाणी पीत राहिल्याने ते भरून येत नाही. ओआरएसच्या दोन-चार पुड्या घ्याव्यात. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजाने वाढवू नये.

यावर कोणी म्हणेल, आजे-पणजे एका धोतरावर आणि भाकरीवर जाऊन आले. खरे आहे, पण त्यांच्या वाटेवर तापलेले डांबर नव्हते, भरधाव वाहने नव्हती; शिवाय जे वाटेत आजारी पडून मागे फिरले, त्यांच्या कथा घरात सांगितल्या जात नाहीत. थोडक्यात चालवणे मात्र त्यांचे बरोबरच होते. अमेरिकेत एमा गेटवूड या ६७ वर्षांच्या आजीबाई १९५५ मध्ये अ‍ॅपलाचियन वाटेवर तीन हजारांहून अधिक किलोमीटर एकट्या चालल्या. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, तीत घोंगडी आणि पावसासाठी प्लास्टिकचा पडदा, तंबू नाही. वाटेत घरे होती, माणसे आसरा देत होती, म्हणून ते पुरले. हिमालयात तेवढ्यावर निघणे आत्मघात ठरेल. तेव्हा हलकेपणासुद्धा वाट पाहूनच ठरवावा.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी: सामान टेम्पोत असते, मग चिंता कशाची? टेम्पो पुढच्या मुक्कामी जाऊन थांबतो. माणसाला भोवळ येते, पाय मुरगळतो, रक्तदाबाची गोळी घ्यायची वेळ होते, ती दोन मुक्कामांच्या मधे. तेव्हा अंथरूण-पांघरूण, बदलायचे कपडे, भांडी खुशाल टेम्पोत टाकावीत. पाणी, मीठ-साखर, बॅटरी, पायाची पट्टी, रोजची औषधे आणि घरचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी अंगावरच्या झोळीत हवी. ही झोळी ज्याची त्याने वाहावी; जथ्यातल्या धडधाकट पोरावर चौघांच्या झोळ्या लादल्या, तर तो पुढे निघून जातो आणि म्हातारी माणसे रिकाम्या हातांनी मागे राहतात.