टॉर्च धरणारी

(घाटकोपर येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढे 'स्त्रिया आणि तंत्रज्ञान' असा विषय छापला आहे. एवढ्या मोठ्या विषयावर बोलण्याची माझी तयारी नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना मी कौटुंबिक समुपदेशन शिकले, गटबांधणी शिकले. स्क्रू-ड्रायव्हर हातात धरायला मला कोणी शिकवलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. म्हणून आज मी फक्त गाडीच्या इंडिकेटरच्या बल्बबद्दल बोलणार आहे.

आपल्यातल्या बहुतेकींकडे गाडी नाही. माझ्याकडेही नाही. संघटनेची एक जुनी गाडी आहे, देणगीत मिळालेली. रात्री-अपरात्री एखादीला घरातून बाहेर काढायचं असेल, हॉस्पिटलात किंवा पोलीस ठाण्यात न्यायचं असेल, तर ती उपयोगी पडते. चालवणाऱ्या आम्ही दोघीच.

गेल्या पावसाळ्यात रात्री अकराच्या सुमारास मुलुंडहून फोन आला. एक बाई दोन मुलांना घेऊन रस्त्यावर उभ्या होत्या. त्यांना बोरिवलीला बहिणीकडे जायचं होतं. नाव मी सांगणार नाही. त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि एल.बी.एस. मार्गाने निघालो. गांधीनगर जंक्शनला उजवीकडे वळून पवईच्या बाजूला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड धरायचा होता. उजवा इंडिकेटर दिला, तर आतली टिकटिक नेहमीपेक्षा दुप्पट वेगाने वाजू लागली. म्हटलं, जुनी गाडी, उद्या बघू. वळायला घेतलं आणि मागून एक मोटरसायकल उजव्या आरशाला घासून पुढे गेली. त्या इसमाने शिवी दिली, अर्थातच बाईच्या जातीला उद्देशून. माझे पाय लटपटत होते. लहानगा जागा होऊन रडायला लागला.

तेव्हा मागून त्या बाई अगदी हळू म्हणाल्या, "ताई, मागचा उजवा बल्ब उडालाय. अशी घाईघाईने टिकटिक झाली की एक बल्ब गेलेला असतो."

मी विचारलं, "तुम्हाला कसं ठाऊक?"

"मालक रिक्षा चालवतात. चौदा वर्षं टॉर्च धरलाय मी."

बोरिवलीपर्यंत पावसात प्रत्येक उजव्या वळणाला मी खिडकीतून हात बाहेर काढत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या बिल्डिंगच्या कंपाऊंडमध्ये त्यांनी स्वतः तो बल्ब बदलला. टॉर्च धरायची गरज नव्हती, ऊन पडलं होतं. मी नुसती बघत होते.

याआधी पुढचा एक बल्ब गेला होता, तेव्हा मी गाडी एका गॅरेजमध्ये नेली होती. तिथला माणूस मला म्हणाला, "मॅडम, तुमच्याबरोबर कोणी जेन्ट्स नाहीत का?" मग त्याने वायरिंग, रिले अशी नावं घेतली, दोन तास गाडी ठेवून घेतली आणि पाचशे रुपये घेतले. वायरिंगला हात लागला होता की नाही, मला आजही माहीत नाही. म्हणजे तो खोटारडाच होता असंही मी म्हणू शकत नाही. खरं-खोटं ओळखण्याचं साधनच माझ्यापाशी नव्हतं.

आता त्या बाईंनी दाखवलं ते सांगते. टिकटिक वेगाने का होते? इंडिकेटर लुकलुकवणारा जो रिले असतो, त्यातून सगळ्या बल्बांसाठी ठरावीक वीज जाते. एक बल्ब उडाला की वीज कमी जाते आणि रिले भराभर उघडझाप करतो. चालवणाऱ्याला कळावं म्हणूनच ती सोय आहे. टिकटिक वेगाने आणि एकाच बाजूला होत असेल, तर बल्ब बघा. दोन्ही बाजू बंद असतील, तर आधी फ्यूज बघा, मग रिले.

चावी काढायची. दिवा नुकताच लागलेला असेल तर थोडं थांबायचं, काच भाजते. आमच्या गाडीला डिकी उघडली की मागच्या दिव्याच्या कडेला दोन स्क्रू दिसतात. ते काढून दिव्याचं खोकं सरळ मागे ओढायचं. वाकडं ओढलंत तर प्लास्टिकची खुंटी तुटते. आमची एक तुटली, ती माझ्या हातून. खोक्याच्या मागे होल्डर असतात. इंडिकेटरचा होल्डर डावीकडे पाव फेरा फिरवला की बाहेर येतो. त्यातला बल्ब नुसता ओढून निघत नाही, आत दाबून डावीकडे फिरवावा लागतो. जुन्या घरात पिनवाले बल्ब होते ना, तसाच. तार तुटलेली दिसते, कधी काच काळी पडलेली असते.

तार शाबूत दिसली, तर होल्डरचे पत्रे बघा. मुंबईची खारी हवा आणि चार महिने पाऊस, पत्र्यांवर हिरवट थर बसतो. बारीक पॉलिश पेपरने घासला की पुष्कळदा तोच बल्ब पेटतो.

दुकानात जाताना जुना बल्ब बरोबर न्यायचा. एरवी 'बारा व्होल्ट, एकवीस वॅट, एका तारेचा' असं सांगायचं. ब्रेकचा बल्ब बहुधा दोन तारांचा असतो, खाली दोन टिकल्या असतात, तो चालत नाही. दिव्याची काच पिवळी असेल तर बल्ब पांढरा. काच पांढरी असेल तर बल्ब पिवळा, आणि त्या पिवळ्याच्या दोन पिना समोरासमोर नसतात, म्हणून पांढरा त्यात बसत नाही. जबरदस्ती करू नका. स्कूटरला बहुधा दहा वॅटचा लागतो. नवीन गाड्यांत एल.ई.डी. असतात, तिथे बल्ब वेगळा निघत नाही. पुढच्या दिव्यांत कधी बॅटरी किंवा एअर फिल्टर आड येतो आणि हात आत जात नाही. मग गॅरेजमध्ये जावं, त्यात कमीपणा नाही. पण काय बिघडलंय ते सांगायला जावं, विचारायला नव्हे. आमचा तो बल्ब तीस रुपयांना आला.

मला त्या टॉर्चबद्दल बोलायचं आहे. घराघरांत हे चित्र आहे. नवरा नाहीतर भाऊ स्टुलावर, आणि खाली बाई टॉर्च धरून. 'नीट धर', 'इकडे मार', 'लक्ष कुठंय?' हात हलला तर ओरडा. पण त्या टॉर्चच्या उजेडात तीही तेच बघत असते जे तो बघतो. चौदा वर्षांत त्या बाई सगळं शिकल्या होत्या आणि त्यांना काही येतं हे कोणाच्या, त्यांच्यासुद्धा, मनात आलं नव्हतं. शेतात राबणारी बाई आणि सातबारा नवऱ्याच्या नावे, त्यातलाच हा प्रकार.

आपणही यात आहोत. ४९८-अ वर आपण तीन तास बोलू शकतो. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आलं, हेही आपल्याला पाठ आहे. कार्यालयातली ट्यूब गेली की मात्र आपण खालच्या वॉचमनला हाक मारतो.

कोणी म्हणेल, बायका कुठे पोचल्या बघा. खरं आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८८ साली देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. २०११ च्या ८ मार्चला त्यांनी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन आणली. त्यांच्यापाशी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा होता, हे आपण सत्काराच्या भाषणात विसरतो. २००७ साली रेवती रॉय यांनी मुंबईत महिला चालकांची 'फोर्शे' टॅक्सी सेवा काढली. नुसतं स्टिअरिंग हातात आलं म्हणजे झालं, असं मात्र मला वाटत नाही. बॉनेटखालचं सगळं परक्याच्या भरवशावर असेल, तर दिवसाच्या कमाईतलं किती घरी जाईल हे तोच ठरवणार.

त्या बाई अजून बोरिवलीलाच आहेत. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केलाय, तारखा पडताहेत. मुलांचे शाळेचे दाखले नवऱ्याकडे अडकलेत, सासरहून 'परत ये' म्हणून निरोप येतात. बल्ब बदलता येतो म्हणून यातलं काहीही सुटलेलं नाही. लर्निंग लायसन्स मात्र त्यांनी काढलं आहे. आणि आज त्या इथे आल्या आहेत. शेवटच्या रांगेत आहेत, मी बोट दाखवणार नाही.

आता चहा घ्या आणि खाली या. गाडी कंपाऊंडमध्ये उभी आहे. मागच्या दोन्ही इंडिकेटरचे बल्ब मी काढून ठेवलेत, त्यातला एक उडालेला आहे. कोणता ते आधी ओळखायचं. पाच-पाच जणींचे गट करू. टॉर्च आणलेला नाही.