जुन्या ट्रॅक्टरची रचना ओळखा, अपघात टाळा



चाकण, खेडच्या बाजूला कारखाने वाढले, तरी कांदा-बटाट्याची शेती चालू आहे. कुणाकुणाच्या गोठ्याशेजारी जुना बी-२७५ अजून उभा असतो. या ट्रॅक्टरची मूळ घडण इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीची. महिंद्रांनी १९६३ साली त्यांच्याबरोबर भागीदारी केली आणि १९६५ पासून आपल्याकडे बी-२७५ निघू लागला. चार सिलिंडरचं, सुमारे ३५ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. पुढे जायला ८ गिअर, मागे यायला २. यंत्र दणकट, पण त्याची रचना समजून न घेता चालवलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, ब्रेक. उजव्या पायाशी दोन पेडल असतात. एक डाव्या मागच्या चाकाचं, एक उजव्या. शेतात बांधाशी वळताना एकच दाबलं की ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो. पण हेच पुणे-नाशिक रस्त्यावर केलं तर? ट्रॉलीत कांदा भरलेला, मागे कंटेनर, आणि घाईत पाय एकाच पेडलवर पडला, तर ट्रॅक्टर आडवाच होणार. म्हणून शेताबाहेर पडण्याआधी दोन्ही पेडल कडीनं जोडायचीच. दोन्ही चाकं सारखी धरतात का, हे मोकळ्या जागेत रिकामा ट्रॅक्टर हळू चालवून बघा. एका बाजूला ओढत असेल तर आधी मेकॅनिककडून जुळवून घ्या, मगच बाजाराला निघा.

दुसरी, ओढण्याची जागा. मागचा आस म्हणजे ट्रॅक्टरची बिजागरी समजा. साखळी आसाच्या वर, म्हणजे टॉप लिंकच्या जागी बांधली, तर जोर लावताच पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे घडतं. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारवरूनच. चिखलात रुतला तर चाकापुढे लाकूड बांधू नका. मागे घेऊन बघा, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढून काढा.

तिसरी, डिफरन्शियल लॉक. एक चाक जागच्या जागी फिरू लागलं की हा लॉक दोन्ही चाकं एकत्र फिरवतो. मात्र सरळ जातानाच वापरा. वळायच्या आधी सोडा, नाहीतर ट्रॅक्टर वळत नाही आणि दातेरी चक्रंही तुटतात.

चौथी, हवेची गाळणी. जुन्या ट्रॅक्टरात ही तेलाची असते. हवेतली धूळ तेलात बसते, म्हणून मळणी-नांगरणीच्या दिवसांत वाटी रोज उघडून बघा. गाळ दिसला तर धुऊन नवं तेल भरा, पण खुणेपर्यंतच. जास्त भरलं तर ते तेल इंजिनात ओढलं जातं आणि इंजिन आवरत नाही.

आणि पीटीओ चालू असताना धोतराचा सोगा, साडीचा पदर, लहान मूल जवळ नको. शाफ्टवरचं झाकण काढून ठेवू नका.

यंत्र जुनं असलं म्हणून काही बिघडत नाही, ते चालवणारा माणूस शहाणा हवा. आपल्या घरच्या पोरांनाही हे सांगा.