संगणकाचा ताप आणि त्यावरील उतारा

रात्रीं घर निजल्यावर टेबलावरील संगणकाकडे कान दिला तर त्याच्या पोटांतून एका लहानशा पंख्याची अखंड घरघर ऐकूं येते. कोणी साधें पत्र लिहीत असेल तर ती मंद असते. एखादा खेळ किंवा चित्रपट सुरू झाला कीं ती वाढते. हा पंखा कोणाला वारा घालतो, आणि तो बंद पडला तर काय होईल, हा प्रश्न घरांत सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः गेल्या ऐंशी वर्षांतील संगणकाच्या प्रगतीचा बराचसा इतिहास याच प्रश्नाच्या उत्तरांत सांठविलेला आहे.

श्रोतेहो, संगणकाच्या ज्या भागांत प्रत्यक्ष आकडेमोड चालते त्यास प्रोसेसर असें म्हणतात. नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर, म्हणजे चिपेवर, कोट्यवधि सूक्ष्म कळा कोरलेल्या असतात. प्रत्येक कळ उघडतांना व मिटतांना थोडा विद्युद्भार भरला जातो व रिता होतो, आणि त्यांत खर्ची पडलेल्या शक्तीची उष्णता बनते. विजेच्या मोटारीची गोष्ट निराळी. तिनें घेतलेल्या विजेपैकीं बराच भाग पाणी वर चढविण्याच्या किंवा गिरणीचें जातें फिरविण्याच्या कामीं लागतो. प्रोसेसर मात्र कांहीं उचलीत नाहीं आणि कांहीं ढकलीतही नाहीं. तो जी वीज घेतो ती जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपानें परत देतो. सबब शंभर वॅट घेणारा प्रोसेसर ही, हिशेबापुरती, शंभर वॅटची शेगडीच होय. आणि ही उष्णता वेळींच बाहेर नेली नाहीं तर शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची सहनशक्ति संपते. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. उष्णता नाहींशी करतां येत नाहीं. ती एका जागेवरून दुसऱ्या जागीं नेतां येते, एवढेंच.

१९४६ सालीं अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं पेन्सिल्व्हानिया विद्यापीठांत एनिअॅक नांवाचा संगणक लोकांपुढें आला. जॉन मॉचली व प्रेस्पर एकर्ट हे त्याचे कर्ते. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या, म्हणजे जुन्या रेडिओंत असत तसे व्हॉल्व्ह होते. वजन तीस टनांच्या घरांत, आणि विजेचा खप सुमारें दीडशे किलोवॅट. प्रत्येक नळींत तापलेली तार. तेव्हां ती खोली म्हणजे भट्टीच झाली असती. त्यासाठीं मोठमोठे पंखे लावून कपाटांतून सारखा वारा खेळता ठेवावा लागे. गंमतीची गोष्ट अशी कीं, नळ्या बहुधा यंत्र सुरू करतांना किंवा बंद करतांना निकामी होत. कारण तापण्याचा व निवण्याचा ताण त्यांना सोसत नसे. म्हणून यंत्र शक्य तों बंदच करावयाचें नाहीं, असा परिपाठ पडला. आपल्याकडे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेला टिफ्रॅक हा संगणकही नळ्यांचाच होता. त्यांत सुमारें २,७०० नळ्या होत्या.

या तापावर खरा उतारा पंख्यानें दिला नाहीं. तो ट्रान्झिस्टरनें दिला. १९४७ च्या डिसेंबरांत बेल प्रयोगशाळेंत त्याचा जन्म झाला. त्याला तापलेल्या तारेची गरजच नव्हती. जें काम नळी करी तेंच काम तो नळीच्या मानानें अत्यल्प विजेंत करूं लागला. परंतु माणसाचा स्वभाव असा कीं, एका खोलींत जागा झाली म्हणजे तो तेथें अधिक सामान भरतो. ट्रान्झिस्टर लहान झाले म्हणून ते अधिक दाटीनें बसविण्यांत आले. आणि थोड्याच वर्षांत जुनाच प्रश्न नव्या रूपानें पुढें उभा राहिला.

मोठीं यंत्रें बांधणाऱ्यांनीं आतां वाऱ्याऐवजीं पाण्याचा आश्रय केला. हवेच्या मानानें पाणी कितीतरी अधिक उष्णता वाहून नेतें. तथापि पाणी आणि वीज यांचें सख्य नाहीं; एक थेंब गळला तरी घात. आय.बी.एम. कंपनीनें १९८० सालीं जाहीर केलेल्या ३०८१ या संगणकांत यावर मोठी नामी युक्ति केलेली होती. शंभराहून अधिक चिपा एकाच मातीच्या, म्हणजे सिरॅमिकच्या, फरशीवर बसविल्या होत्या, आणि प्रत्येक चिपेच्या पाठीवर स्प्रिंगनें दाबलेला एकेक लहानसा धातूचा दट्ट्या टेकलेला होता. मधल्या फटींत हेलियम वायु भरलेला असे, कारण तो हवेपेक्षां अधिक चांगला उष्णतावाहक आहे. दट्ट्यांतून उष्णता वरच्या तक्तपोशींत जाई आणि त्या तक्तपोशीस पाणी थंड ठेवी. पाण्यानें चिपेस स्पर्श न करतां तिचा ताप हरण करावा, अशी ती योजना होती.

याहून धाडसी पाऊल सेमूर क्रे या यंत्रशास्त्रज्ञाचें. त्याचा क्रे-१ हा महासंगणक १९७६ सालीं लॉस अॅलमॉस येथील प्रयोगशाळेस मिळाला. वरून पाहतां अर्धवट वर्तुळाकार, आणि भोंवतीं बसावयास गादीचा बाक असावा असें त्याचें रूप. त्या बाकाखालीं वीज पुरविणारीं साधनें दडविलेलीं होतीं, आणि स्तंभांतून शीतकपाटांत वापरीत तसा फ्रेऑन फिरे. ११५ किलोवॅट विजेची उष्णता त्या मार्गानें बाहेर जाई. पुढें १९८५ सालीं आलेल्या क्रे-२ मध्यें तर त्यानें सगळे संकोच सोडले. फ्लोरिनर्ट नांवाचा एक रंगहीन द्रव आहे. त्यांतून वीज वाहत नाहीं आणि तो धातूस खातही नाहीं. क्रेनें आपलें अवघें यंत्र त्या द्रवांत बुडवून ठेवलें. रस्त्याच्या कडेस विजेचे जे ट्रान्स्फॉर्मर असतात त्यांतील वेटोळीं तेलांत बुडविलेलीं असतात, तत्त्व तेंच.

पण पुन्हां एकदां खरा उतारा दुसरीकडूनच आला. त्या मोठ्या यंत्रांतील ट्रान्झिस्टर वेगवान खरे, पण उधळे होते. काम नसतांही ते वीज खात. सीमॉस नांवाच्या नव्या पद्धतीची कळ स्वस्थ असतांना जवळजवळ कांहींच खात नसे. १९९० नंतरच्या दशकांत आय.बी.एम.नें ही पद्धत आपल्या मोठ्या संगणकांत आणिली, आणि पाण्याचे नळ काढून टाकून पुन्हां वाऱ्यावर भागूं लागलें.

इकडे घरगुती संगणकाची वाटचाल निराळी, पण शेवटीं त्याच मुक्कामास जाणारी. इंटेल कंपनीच्या १९७१ सालच्या ४००४ या चिपेंत केवळ २,३०० ट्रान्झिस्टर होते व ती एखाद्या वॅटवर भागवी. तिला थंड करण्याचा विचारही कोणास शिवला नाहीं. १९९३ सालीं पेंटियम आला. त्यांत एकतीस लक्ष ट्रान्झिस्टर होते, आणि त्याच्या डोक्यावर अॅल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा व पंखा बसला. यामागील तत्त्व कढत चहा बशींत ओतून पिणाराला ठाऊक असतें: पृष्ठभाग वाढला कीं उष्णता लवकर जाते. ठोकळा व चिप यांच्यामध्यें एक लेप लावितात. दोन्ही पृष्ठें डोळ्यांना गुळगुळीत दिसलीं तरी त्यांत सूक्ष्म खांचा असतात व त्यांत हवा अडकते. आणि अडकलेली हवा गोधडीप्रमाणें ऊब धरून ठेवते. लेप त्या खांचा बुजवितो.

मांडीवर घेण्याच्या संगणकांत एवढा ठोकळा मावेना, तेव्हां उष्णतानळी उपयोगी पडली. लॉस अॅलमॉस येथेंच जॉर्ज ग्रोव्हर यानें १९६३ सालीं ती सिद्ध केली होती. तांब्याची बंद नळी, आंत किंचित् पाणी, आणि आंतल्या अंगास जाळीचें अस्तर. हवा काढून घेतल्यामुळें पाण्याची थोड्या उष्णतेनेंही वाफ होते. ती वाफ थंड टोंकाकडे जाऊन तेथें पाणी बनते, आणि समईची वात जसें तेल वर ओढते तसें अस्तर तें पाणी पुन्हां गरम टोंकाकडे आणतें. यांत फिरणारा भाग एकही नाहीं, आणि वीजही लागत नाहीं.

एवढ्या युक्त्या हाताशीं असतांही २००४ च्या सुमारास गाडें अडलें. तोंपर्यंत प्रोसेसरचा वेग वर्षानुवर्षें वाढत होता, आणि त्याबरोबर तापही. इंटेलच्या पेंटियम ४ या मालिकेंतील त्या वर्षीच्या कांहीं चिपा शंभर वॅटहून अधिक वीज घेत. आणि चिपेचें क्षेत्रफळ अवघें एक चौरस सेंटिमीटरभर. तुलनेसाठीं घरची इस्त्री घ्यावी. एक हजार वॅटची इस्त्री आणि दोनशे चौरस सेंटिमीटरांचा तळ धरला, तर चौरस सेंटिमीटरास पांच वॅट पडतात. येथें सुमारें वीसपट! २००१ सालींच इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनीं इशारा दिला होता कीं, याच चालीनें गेल्यास चिपेवरील उष्णतेची दाटी अणुभट्टीच्या व पुढें अग्निबाणाच्या मुखाच्या बरोबरीस येईल. अखेर २००४ सालीं इंटेलनें अधिक वेगाची एक नियोजित चिप मध्येंच सोडून दिली, आणि दुसऱ्या वर्षीं एकाच प्रोसेसरांत दोन मंद गतीचे मेंदू ठेवण्याचा मार्ग धरला. एका घोड्यास चाबूक मारण्याऐवजीं दोन घोडे जुंपावे, असा हा न्याय. यांत कमीपणा नव्हता. जें शहाणपण होतें तें सक्तीनें आलें, इतकेंच.

तथापि माणसानें पुन्हां खोली भरली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठीं असे प्रोसेसर हजारोंच्या संख्येनें एकत्र मांडतात. २०२४ सालीं एन्व्हिडिया कंपनीनें पुढें आणलेल्या एका कपाटांत असे ७२ प्रोसेसर आहेत, आणि तें एकटें कपाट सुमारें १२० किलोवॅट वीज घेतें. क्रे-१ हा संबंध महासंगणक घेई त्याहून हें थोडें अधिकच. अर्थात् त्यास वारा पुरत नाहीं. पाण्याचे नळ परत आले आहेत. पुण्यास पाषाण येथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत २०१८ सालीं बसविलेल्या प्रत्यूष या महासंगणकांत मधला मार्ग होता: कपाटांतून वाहणारा वारा वाटेंत थंड पाण्याच्या नळ्यांवरून जाई. मान्सूनचें भाकित करणाऱ्या यंत्रासही पाण्याचा आधार लागावा, हा योगायोग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

आतां खरा प्रश्न. पाण्यानें उष्णता उचलली. पुढें ती कोठें टाकावयाची? पुष्कळ ठिकाणीं मनोऱ्यांतून पाण्याची वाफ करून ती हवेंत सोडितात. माठांतील पाणी पाझरून थंड होतें, तसाच हा प्रकार. एक युनिट वीज म्हणजे ३,६०० किलोज्यूल उष्णता. एक लिटर पाण्याची वाफ होतांना सुमारें २,४०० किलोज्यूल उष्णता खर्च होते. म्हणजे दर युनिटास दीड लिटर पाणी. वरील एका कपाटाचा दिवसाचा खप २,८८० युनिट. सगळी उष्णता वाफेनेंच घालवावयाची तर पाणी लागेल ४,३२० लिटर. शहरांत माणशीं रोज १३५ लिटर पाणी असावें, असें आपल्याकडील प्रमाण मानलेलें आहे. तेव्हां एक कपाट बत्तीस माणसांचें पाणी पितें. आणि अशीं कपाटें एका इमारतींत शेंकडों असूं शकतात.

उपाय नाहींत असें नाहीं. पाणी बंद नळ्यांतच फिरवून बाहेरच्या हवेनें निववितां येतें. मात्र त्यास पंख्यांची वीज अधिक लागते. जर्मनींत म्यूनिकजवळ गार्चिंग येथें २०१२ सालीं बसविलेल्या सुपरएमयूसी या महासंगणकास चाळीस अंशांच्या आसपासचें कोमट पाणी पुरवीत. प्रोसेसर त्याहून गरम असल्यामुळें तेवढें पाणीही त्यास थंडच. आणि बाहेर पडलेल्या ऊन पाण्यावर हिवाळ्यांत कचेऱ्या उबदार ठेवीत. नागपूरच्या वैशाखांत, जेथें हवाच पंचेचाळीस अंशांवर जाते, तेथें ही सोय तितकीशी लाभणार नाहीं, आणि कचेऱ्यांना ऊबही नको असते. म्हणून प्रत्येक प्रदेशास आपल्या हवामानाचा व पाण्याचा हिशेब आपणच मांडला पाहिजे.

पंखा, पाणी, फ्रेऑन, द्रवांत बुडविणें, हे सर्व उपाय उष्णतेचें ओझें केवळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर देतात. ओझें हलकें झालें तें दोनतीन वेळांच, आणि त्या प्रत्येक वेळीं कमी वीज खाणारी कळ किंवा कमी घाईची रचना सांपडली म्हणून. आतां मुंबई व नवी मुंबई परिसरांत अशा संगणकांच्या इमारती वाढत आहेत. त्यांना जागा व वीज देतांना, उष्णता कोठें टाकणार आणि पाणी कोणाचें वापरणार, हे दोन प्रश्न नगरवासीयांनीं आधींच विचारावे; इमारत उभी राहिल्यावर त्यांचें उत्तर बदलणें कठीण असतें.