अर्ध्या मिलिमीटरचा काळा थर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या क्षेत्राबद्दल दहा मिनिटं बोल." मी सॉफ्टवेअर लिहिते. त्यावर दहा मिनिटं बोलले, तर जेवणाआधीच निम्मी मंडळी पेंगायला लागतील. पण ज्या यंत्रांसाठी मी सॉफ्टवेअर लिहिते, ती कारखान्यातल्या तापलेल्या वस्तूंचं तापमान हात न लावता, लांबून मोजतात. या कामात मला रोज एक आकडा लागतो. त्या आकड्याची अर्धी गोष्ट आपण याच शाळेत शिकलो आहोत. उरलेली अर्धी आज सांगते.

उष्णता तीन प्रकारांनी जाते : वहन, अभिसरण आणि प्रारण. प्रारणाला मध्ये काहीच लागत नाही, म्हणून तर सूर्याची ऊब आपल्यापर्यंत येते. १८०४ साली जॉन लेस्ली या स्कॉटिश शास्त्रज्ञाने एका घनाकृती भांड्यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. भांड्याची एक बाजू चकचकीत, एक काजळी धरलेली, आत गरम पाणी. पाणी तेच, पण काजळीची बाजू चकचकीत बाजूपेक्षा कितीतरी जास्त उष्णता बाहेर टाकत होती. आपण पाठ केलेलं वाक्य ते हेच : काळा पृष्ठभाग उष्णता चांगली शोषतो आणि चांगली उत्सर्जितही करतो.

पृष्ठभाग हे काम किती चांगलं करतो, ते ० ते १ मधल्या एका आकड्याने सांगतात. इंग्रजीत त्याला एमिसिव्हिटी म्हणतात, आपण उत्सर्जकता म्हणू. घासूनपुसून लख्ख केलेल्या धातूची उत्सर्जकता शून्याच्या जवळ, काजळीची साधारण ०.९५. माणसाच्या त्वचेची ०.९८ च्या आसपास, मग माणूस गोरा असो की सावळा. कोविडच्या काळात आपल्या कपाळासमोर धरायचे ते थर्मामीटर याच भरवशावर चालत होते.

म्हणजे डोळ्यांना दिसणारा रंग आणि उष्णतेच्या दृष्टीने असलेला रंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तकातलं वाक्य खोटं नाही, अपुरं आहे.

आता अमेरिकेच्या स्पेस शटलकडे जाऊ. १२ एप्रिल १९८१ रोजी कोलंबिया हे शटल पहिल्यांदा उडालं. परत येताना शटल ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने वातावरणात शिरत असे. समोरची हवा दाबली जाऊन भयंकर तापायची. शटलचा सांगाडा मात्र ॲल्युमिनियमचा. म्हणून त्याच्या पोटावर सिलिकाच्या तंतूंच्या फरश्या चिकटवल्या होत्या. त्या इतक्या हलक्या, की आकारमानाचा सुमारे ९० टक्के भाग नुसती मोकळी जागा. उष्णता आत जाऊ न देण्याचं काम फरशी करायची. पण नुसतं अडवून भागत नाही. वरून उष्णता येतच राहिली आणि गेली कुठेच नाही, तर पृष्ठभाग वितळेपर्यंत तापेल. तिला बाहेर टाकावंच लागतं, आणि त्या परिस्थितीत बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे प्रारण.

ते काम फरशीवरचा काळा थर करायचा. जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. बोरोसिलिकेट काच, म्हणजे प्रयोगशाळेतलं चंचुपात्र ज्या जातीच्या काचेचं असतं ती, आणि तिच्यात सिलिकॉन व बोरॉनचं एक संयुग. उत्सर्जकता साधारण ०.८५.

या आकड्याने काय फरक पडतो, ते गणिताने पाहू. स्टीफन आणि बोल्ट्झमन यांचा नियम सांगतो की, प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढतं. तापमान दुप्पट झालं, तर प्रारण सोळापट. समजा, ०.८५ उत्सर्जकतेची फरशी १५०० केल्विनला, म्हणजे १२२७ अंश सेल्सिअसला स्थिर झाली आहे. आता तेवढीच उष्णता ०.४ उत्सर्जकतेच्या पृष्ठभागाला बाहेर टाकायची असेल, तर त्याला सुमारे १५४० अंशांपर्यंत तापावं लागेल. तीनशे अंशांहून जास्त! त्या फरश्यांची मर्यादा होती साधारण १२६० अंश. एवढं सगळं त्या पातळ थरावर अवलंबून.

इथे मुलं विचारतील, एवढा खटाटोप कशाला, सिरॅमिकची उत्सर्जकता तशीही चांगलीच असते ना? असते, थंड असताना. पांढऱ्या ॲल्युमिनाचं उदाहरण घ्या. खोलीच्या तापमानाला त्याची उत्सर्जकता भरपूर असते. पण वस्तू जशी तापते, तशी तिच्या प्रारणाची तरंगलांबी कमी होत जाते. खोलीच्या तापमानाला ते प्रारण १० मायक्रॉनच्या आसपास सर्वांत तीव्र असतं, १५०० केल्विनला २ मायक्रॉनच्या जवळ. १० मायक्रॉनला ॲल्युमिना जवळजवळ काळा, २ मायक्रॉनला बराचसा पारदर्शक. त्यामुळे तापल्यावर त्याची उत्सर्जकता निम्म्यावर येते. नेमकी गरज असते तेव्हाच हात आखडता! म्हणून सिलिकॉन कार्बाइड, सिलिसाइड, बोराइड अशी तापल्यावरही 'काळी' राहणारी संयुगं लेपात घालतात.

मला आज सांगायचं आहे ते एवढंच : एका परिस्थितीत खरा असलेला आकडा दुसऱ्या परिस्थितीत खरा धरू नका.

हे फक्त आकड्यांपुरतं नाही. १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया उडताना इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा सुटून डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. ती कड कार्बनची, वर सिलिकॉन कार्बाइडचा थर. फोम पूर्वीही सुटला होता आणि यानं सुखरूप परतली होती, म्हणून याही वेळी चालेल असं धरलं गेलं. काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रं मिळवण्याची विनंती केली होती, ती पुढे गेली नाही. १ फेब्रुवारीला परतताना त्या भगदाडातून तप्त वायू पंखात शिरले. कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले. आपल्यातले बरेच जण तेव्हा पहिल्यावहिल्या नोकरीत होते. ती बातमी कुठे ऐकली, हे अनेकांना अजून आठवत असेल. लेपाचा गुण कमी पडला नव्हता. पण कवच सलग असेपर्यंतच तो गुण कामाचा, आणि ते सलग आहे का, हे बघायचं राहून गेलं.

चार वर्षांनी, जानेवारी २००७ मध्ये, इस्रोने एक कुपी बारा दिवस अवकाशात ठेवून बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरवली. तिच्यावरही सिलिकाच्या फरश्या होत्या, इथेच विकसित केलेल्या.

आणि हे सगळं अवकाशातच चालतं असं नाही. जालन्यातल्या रोलिंग मिलमध्ये लोखंड लाटण्याआधी भट्टीत तापवतात. लांबून तापमान मोजणाऱ्या यंत्रात उत्सर्जकतेचा एक रकाना असतो. लोखंडावर काळी खपली असताना वेगळा आकडा, खपली झडून चकाकी आली की वेगळा. प्रत्यक्षापेक्षा मोठा आकडा भरला, की लोखंड आहे त्याहून थंड दिसतं, कामगार आच वाढवतो आणि इंधन जळत राहतं. त्या रकान्यात काय भरायचं, हे संगणक सांगत नाही. भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ते कळावं लागतं.

म्हणून बॅचला एक विनंती. प्रयोगशाळेसाठी आपण निधी जमवतो आहोत, त्यातून एक इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊ या. मुलांनो, स्टीलच्या चकचकीत भांड्यात बाईंच्या देखरेखीखाली उकळतं पाणी घ्या आणि भांड्याच्या बाहेरच्या बाजूचं तापमान मोजा. आकडा फारच कमी येईल. मग त्याच बाजूवर वायरमनची काळी चिकटपट्टी लावा, क्षणभर थांबा आणि पट्टीवर मोजा. पाणी तेच, भांडं तेच, आकडा मात्र एकदम वर. दोन्हींतला खरा कोणता, ते साध्या थर्मामीटरने पडताळा आणि वहीत कारण लिहा. उत्तर पाठ करून येणार नाही.