बाबांना ‘एस’ का लागला नाही?

इअरफोन लावून बसमध्ये उभे असाल, किंवा होस्टेलच्या जिन्यात डब्याची वाट बघत बसला असाल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. विषय ऐकून पळू नका. विषय आहे इंग्रजी ग्रामर.

मी कर्वेनगरमध्ये मुलांच्या ट्यूशन घेते. पाचवी ते दहावी, बहुतेक मुलं मराठी माध्यमाची. आज तुम्हाला माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे.

सातवीतली एक मुलगी. विषय दिला होता ‘माय फॅमिली’. तिनं काय लिहिलं ऐका. ‘माय मदर वर्क्स इन अ शॉप.’ बरोबर. ‘माय ब्रदर गोज टू कॉलेज.’ बरोबर. मग, ‘माय फादर ड्राइव्ह अ रिक्षा.’ चूक! ‘माय ग्रँडफादर लिव्ह इन सातारा.’ चूक!

मी लाल पेन काढलं. दोन गोल केले आणि खाली लिहिलं, ‘नियम शिकवलाय ना? लक्ष कुठे असतं?’ ही, शी, इट आलं की क्रियापदाला एस लावायचा, हा नियम मी फळ्यावर तीनदा लिहून दिला होता. आई आणि भावाला एस लावलाय, म्हणजे नियम येतोय. मग बाबा आणि आजोबांच्या वेळी निष्काळजीपणा. एवढा विचार करून मी वही परत दिली.

पुढचे पंधरा दिवस तिच्या कुठल्याच निबंधात बाबा आले नाहीत. आई यायची, भाऊ यायचा, मांजरसुद्धा यायची. बाबा गायब! शेवटी मीच विचारलं. ती खाली बघत म्हणाली, “ताई, बाबांचं वाक्य चुकतंच माझं. म्हणून लिहीत नाही.”

मी म्हटलं, बरं, तीच वाक्यं मला मराठीत सांग. ती म्हणाली, “आई दुकानात काम करते. दादा कॉलेजला जातो. बाबा रिक्षा चालवतात. आजोबा साताऱ्याला राहतात.”

ऐकलंत? करते, जातो. चालवतात, राहतात.

मराठीत आईला आपण ‘अगं आई’ म्हणतो, ती एकवचनात. दादाही एकवचनात. पण बाबा आणि आजोबा येतात बहुवचनात. आपण शाळेत याला आदरार्थी बहुवचन म्हणतो. त्या मुलीनं निष्काळजीपणा केलाच नव्हता. तिनं बाबांना मान दिला होता. ‘दे’ला एस लागत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं आणि तिच्या डोक्यात बाबा ‘ते’ होते. दोन्ही नियम तिनं तंतोतंत पाळले. फक्त एक नियम मराठीचा होता आणि एक इंग्रजीचा.

मग मी तिला साधं सांगितलं, इंग्रजी क्रियापद फक्त माणसं मोजतं. एक माणूस असेल तर एस, मग तो तुझा धाकटा भाऊ असो, बाबा असोत नाहीतर राष्ट्रपती असोत. मान द्यायची इंग्रजीची पद्धत वेगळी आहे. तिथे ‘सर’ म्हणतात, ‘प्लीज’ म्हणतात, ‘कॅन यू’च्या ऐवजी ‘कुड यू’ म्हणतात. क्रियापदात मान ठेवलेलाच नाही, त्यामुळे एस लावला म्हणून बाबांचा मान कमी होत नाही. तिनं विचारलं, “नक्की ना ताई?” म्हटलं, नक्की. त्या दिवशी बाबांना एस लागला आणि बाबा निबंधात परत आले.

माझा मुद्दा एवढाच आहे. मराठी मुलाच्या डोक्यात व्याकरण आधीच असतं. चार वर्षांचं पोर जातो, जाते, जातोस, जातात यांत गल्लत करत नाही. ते व्याकरण बाजूला सारून आपण नियम पाठ करायला लावतो आणि मग चुकलं की ओरडतो.

आता दुसरं उदाहरण घ्या. ‘अ’ की ‘ॲन’? आपल्याला शिकवतात की ए, ई, आय, ओ, यू आलं की ‘ॲन’. मग ‘ॲन अवर’ कसं? त्याचं स्पेलिंग तर एचनं सुरू होतं. आणि ‘अ युनिव्हर्सिटी’ कसं? तिथे तर यू आहे. मुलांना सांगतात, हे अपवाद आहेत, पाठ करा.

अहो, पाठ कशाला? शब्द देवनागरीत लिहा की! ‘अवर’, पहिला आवाज अ, म्हणजे स्वर, म्हणून ‘ॲन’. ‘युनिव्हर्सिटी’, पहिला आवाज य, म्हणजे व्यंजन, म्हणून ‘अ’. ‘वन-वे’चं स्पेलिंग ओनं सुरू होतं, पण आवाज व, म्हणून ‘अ वन-वे स्ट्रीट’. ‘एमएलए’ आवाजात ए, म्हणून ‘ॲन एमएलए’. एकही अपवाद उरला नाही. नियम आवाजाचा आहे आणि आपली लिपी आवाजच लिहिते.

तिसरं उदाहरण. ‘कॅट्स’ म्हणताना शेवटी स येतो, पण ‘डॉग्ज’ म्हणताना ज ऐकू येतो. का? आपली वर्णमाला आठवा. क, ख कठोर. ग, घ मृदू. कॅटचा ट कठोर, म्हणून पुढे स. डॉगचा ग मृदू, म्हणून पुढे ज. ‘वॉक’ला ईडी लावा, होतं ‘वॉक्ट’. ‘बेग’ला लावा, होतं ‘बेग्ड’. शेजारी शेजाऱ्यासारखा होतो. सत् आणि गुण जवळ आले की सद्गुण होतो, तसंच काहीसं. संधी तुम्ही मराठीच्या तासाला शिकलाच आहात, इंग्रजीच्या तासाला ती कुणी आठवण करून दिली नाही, एवढंच.

आता, सगळंच असं जुळतं का? नाही. ‘द’ कुठे लावायचा, याला मराठीत जोडच नाही. तिथे भरपूर वाचणं आणि ऐकणं हाच उपाय. काही ठिकाणी तर मराठी पाय ओढते. ‘तू गेलास का?’ यात भूतकाळ ‘गेलास’मध्ये आहे, म्हणून मुलं म्हणतात ‘डिड यू वेंट?’ इंग्रजीत काळाचं ओझं ‘डिड’नं आधीच उचललंय, म्हणून पुढे साधं ‘गो’. पण हेसुद्धा समजतं कधी? दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की.

मी हे कर्वेनगरमध्ये बसून बोलतेय, म्हणून एक गोष्ट सांगतेच. हे म्हणजे जुनं हिंगणे बुद्रुक. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला आश्रम पुढे इथे आणला, म्हणून आज हे कर्वेनगर. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा शिक्षण मातृभाषेतून ठेवलं आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय ठेवला. म्हणजे मराठी की इंग्रजी, असं भांडण लावलं नाही. २००० सालापासून तर आपल्याकडे मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आहे. म्हणजे मूल दोन्ही भाषा एकाच दप्तरात घेऊन येतं. आपण त्यातली एकच उघडायला सांगतो.

तर मंडळी, घरी लहान भाऊ-बहीण असेल, किंवा तुम्ही स्वतः इंटरव्ह्यूची तयारी करत असाल, तर या आठवड्यात एक करून बघा. एकच चूक वारंवार होत असेल, तर ते वाक्य आधी मराठीत मोठ्यानं म्हणा. चुकीचं कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. आणि कुणाची वही तपासत असाल, तर लाल गोल करण्याआधी एकदा विचारा, “हे असं का लिहिलंस?”

मी ते विचारायला पंधरा दिवस उशीर केला. तुम्ही करू नका.

तुमच्या अशाच चुका मला व्हॉइस नोटनं पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू मग. काळजी घ्या!