घटत्या पदांची बेरीज



आम्ही शाळा फार शिकलो नाही. एका संपात मदतनिधीची रोजची जमा घटू लागली. आकडा शून्याकडे चालला, म्हणजे सारे आटोपले, असे समजून आम्ही संप मागे घेतला. घट कशी होते आहे, ते तपासलेच नाही.

पुढे पुस्तकात एक कसोटी वाचली. श्रेणीची पदे शून्याकडे जात नसतील, तर ती अपसारी. तिची बेरीज कोठेही स्थिरावत नाही. पदे शून्याकडे जात असतील, तर मात्र ही कसोटी मुकी. एक, अर्धा, पाव, अर्धपाव अशी निम्मी होत गेलेली पदे दोनापुढे जात नाहीत. पण एक, अर्धा, एकतृतीयांश, पाव, एकपंचमांश? सुमारे १३५० साली फ्रान्सच्या निकोल ओरेम यांनी गट पाडले. तिसरे-चौथे पद मिळून अर्ध्याहून अधिक. पुढची चार मिळून तसेच. मग आठ, मग सोळा. असे अर्धे अनंत वेळा मिळतात. बेरजेला मर्यादा उरत नाही. चाल मात्र संथ : दहा ओलांडायला १२,३६७ पदे लागतात.

आमचा निधी कोणत्या जातीचा होता, कोण जाणे! मुक्या कसोटीला आम्ही निकाल समजलो, एवढे खरे. तुम्ही तसे करू नका.